विहिरीचं अर्धं तिकीट

पोथी वाचावी ती मीच, याबद्दल मला कधी शंका नव्हती. म्हणूनच चौसष्ट साली सांगलीहून औंधजवळच्या एका गावात मास्तर म्हणून गेलो आणि ऐन चातुर्मासात, पोथी लावायच्या दिवशीच, ती वाचणाऱ्या देवळातल्या आण्णा गुरवांचा घसा बसला, तेव्हा सरपंच आप्पासोंना मी आपण होऊन म्हणालो, "काळजी सोडा. समाप्तीपर्यंत मी वाचतो."

"बघा हां मास्तर," आप्पासो म्हणाले. "लावलेली पोथी अर्ध्यात सोडली तर गावाला दोष लागतो. दोन सालं पाऊस न्हाई. सोडलीसा तर तुमची बदली आमीच मागून घेऊ."

मी हसलो. उंदरांच्या भीतीनं पोथीसकट माझी सगळी पुस्तकं तांबड्या फडक्यांत बांधलेली असत. त्यातलं एक गाठोडं उचलून देवळात गेलो. हळदकुंकू झालं, फूल वाहिलं, सगळ्यांनी हात जोडले. मग मी फडकं सोडलं आणि माझा घसा आण्णांपेक्षा जास्त बसला. आत पोथी नव्हती! रद्दीवाल्याकडून आणलेली, पुठ्ठा उडालेली एक कादंबरी होती. पण पूजा झालेली. आता बदलणं म्हणजे अर्ध्यात सोडणंच.

मी देवाचं नाव घेऊन वाचू लागलो. एक विहीर गावच्या भांडणांना कंटाळून घर सोडते आणि एस.टी.च्या थांब्यावर येऊन उभी राहते. कंडक्टर म्हणतो, भरलेली असशील तर पूर्ण तिकीट, कोरडी असशील तर अर्धं.

आता बदली पक्की, असं मी धरून चाललो. तेवढ्यात पुढं बसलेल्या सत्तरीच्या हरणाबाईंनी विचारलं, "आनि रहाटाचं लगेज येगळं धरलं का वो?"

मी पुढची ओळ वाचली. "रहाट टपावर टाकला."

"मग बराबर हाय," त्या म्हणाल्या.

तिथून देऊळ जे हसायला लागलं ते महिनाभर थांबलं नाही. त्या लेखकाचं नाव पुठ्ठ्याबरोबर गेलं होतं, पण मी त्याला मनोमन दंडवत घातला. विहीर एस.टी.त बसते, एवढी एकच थाप त्यानं मारली होती. त्यानंतर तो माणूस एक अक्षर खोटं बोलत नव्हता. घाटात विहीर हिंदकळायची आणि शेजाऱ्याचा सदरा भिजायचा. वाटेत पाऊस लागून ती भरली की कंडक्टर दुसरं अर्धं तिकीट फाडायचा. दोन वर्षं कोरड्या विहिरीत डोकावणारी माणसं पोट धरून हसायची, आणि ते बघून मला फार बरं वाटायचं. उद्याचं पान आज चोरून वाचायचं नाही, असा मी नेमच केला होता.

तो नेम मला भोवला. समाप्तीच्या दिवशी बाहेर शिरा शिजत होता. मी पान उलटलं. पुढं पानंच नव्हती. नुसता शिवणीचा दोरा.

आप्पासो माझ्याकडंच बघत होते. मी दोऱ्यावर नजर ठेवून वाचत राहिलो. "मग विहिरीला गावाची आठवण आली. ती परतली. बघते तर गाव एक झालेलं. सगळ्यांनी भांडणं मिटवून, मिळून तिच्यासाठी जागा साफ केलेली..."

"थांबा," हरणाबाई म्हणाल्या. "ह्ये पुस्तकात न्हाई."

"का बरं?"

"हीर यष्टीत बसली, पटलं. घाटात हिंदकाळली, आमी बघितली. पर समदं गाव एक झालं? आवं मास्तर, कायबी सांगाल व्हय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पासोंनी तर दोनदा.

"मग काय झालं असेल?" मी पडेल आवाजात विचारलं.

"हीर आली माघारी. गाव भांडतच हुतं. हीर कुनाच्या रानात बसायची ह्यावरनं. तिनं वाईच ऐकून घेतलं, आनि म्हनाली, भांडा बाबांनो, पर जरा कडंला सरकून भांडा. मला बसू द्या."

देऊळ हसलं, आणि हसता हसता आप्पासोंनी डोळे पुसले. "झाली समाप्ती," ते म्हणाले. वाचणाऱ्याचा नारळ हरणाबाईंच्या ओटीत गेला. माझी बदली टळली.

पुढच्या चातुर्मासात आप्पासो स्वतः माझ्या दारात आले. मी फुलून गेलो. "कुठलं पुस्तक आणू?"

"पुस्तक नगं. हरनाबाई सांगनार हाय," ते म्हणाले. "तुमी फकस्त कंदील धरा."