दुकान वाढवणारे नाना

आमची शाळा पाच वाजता सुटायची आणि सव्वापाचला वाढायची. सुटायची ती माझ्या घंटेने. वाढायची ती दगडूनानांच्या हातून. डोक्यावर काळी टोपी आणि बारा महिने काखेत छत्री, अशा थाटात नाना धरणगावच्या पेठेतून येत, पहिल्या पायरीवर आठवणीने उजवा पाय ठेवत आणि म्हणत, "चला मास्तर, दुकान वाढवा."

दुकानाच्या बाबतीत 'बंद' म्हणू नये, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दिवा वाढवायचा, बांगडी वाढवायची, तसं दुकान वाढवायचं. पण नानांनी हे जरा जास्तच मनावर घेतलं होतं. 'बंद' हा शब्द त्यांच्या तोंडून मी नऊ वर्षांत ऐकला नाही. वर्गात गलका झाला की ते दारातून ओरडत, "अरे, तोंडं वाढवा!" पोरं आज्ञाधारक. ती आणखी मोठ्याने ओरडत.

शाळेला ते दुकान का म्हणत, तर ती इमारत दुकानाचीच होती. स्वदेशीच्या वाऱ्यात जळगावच्या एका शेठजींनी 'स्वावलंबन वस्तुभांडार' काढलं आणि जळगाव, धुळे, धरणगाव, बोदवड, फैजपूर अशा पाच गावी पाच दुकानं बांधली. पाचही एका साच्यातली. पाच दगडी पायऱ्या, दर्शनी चौदा हिरव्या फळ्या, आत डावीकडे धोतरं, उजवीकडे लुगडी, मधे छत्र्या आणि कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा आरसा. फैजपूरच्या गिऱ्हाइकाला डोळे बांधून धुळ्याच्या दुकानात सोडलं तरी त्याचा हात धोतरावरच पडला पाहिजे, असा शेठजींचा हट्ट होता. धरणगावची शाखा नाना सांभाळत. पुढे पहिली लढाई संपली, माल पडून राहू लागला, शेठजी थकले आणि एकेक करून पाचही दुकानं गेली. इमारती राहिल्या. जळगावच्या इमारतीत चहाचं हॉटेल आलं, धुळ्याला एक वकील बसले, फैजपूरला केळीची वखार झाली, बोदवडला गुरांचा दवाखाना. धरणगावला आम्ही.

नानांच्या लेखी यातलं काहीही झालेलं नव्हतं. एकदा तपासणीसाठी साहेब आले. मी नेमका पाणी प्यायला गेलेलो. साहेबांनी दारातल्या नानांना विचारलं, "तिसरी कुठे बसते?"

"लुगड्यात," नाना म्हणाले.

"आणि चौथी?"

"ती धोतरात आहे साहेब. पण जागा पुरत नाही."

साहेबांनी माझ्याविषयीच्या शेऱ्यात काय लिहिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

जळगावच्या हॉटेलात मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. पुन्हा जायची माझी हिंमत नव्हती. आत शिरल्याबरोबर ते कोपऱ्यातल्या कोऱ्या भिंतीसमोर उभे राहिले, टोपी काढली, केस सारखे केले, टोपी घातली, जरा मान तिरकी करून पाहिली आणि समाधानाने बाकावर येऊन बसले. पोऱ्या, मालक, गिऱ्हाइकं सगळी बशी तोंडाशी धरून पाहत होती. धुळ्याच्या वकिलांकडे तर एका अशिलाला त्यांनी हात धरून उठवलं होतं म्हणे. "इथे छत्र्या लागतात, मोडतील."

असा माणूस गावात असला की गावाला दुसरी करमणूक लागत नाही. त्यातून नानांच्या नावावर एक किस्सा होता, आणि तो मला गावात आल्याच्या तिसऱ्या दिवशी ऐकवला गेला. मी मूळचा नगरकडचा. नव्या माणसाला तो ऐकवायचाच, अशी पद्धत होती.

किस्सा असा. एका दिवाळीनंतर जळगावहून शेठजींचं पत्र आलं: धरणगावची शाखा वाढवावी. शेठजी जुन्या वळणाचे. 'बंद करावी' असं लिहायला त्यांचा हात धजला नाही. इकडे नानांना वाटलं, एवढं वरून पत्र आलंय त्या अर्थी शाखा मोठी करायची. त्यांनी गवंडी बोलावला. मागच्या खोलीला खिडकी पाडली, चुना मारला, फळ्यांना नवा हिरवा रंग दिला. जळगावहून पत्रावर पत्र येई, 'शाखा वाढवली का?' आणि नाना उलट टपाली कळवत, 'वाढवण्याचे काम जोरात चालू आहे.' असे तीन महिने गेले. शेवटी माल न्यायला शेठजींचा माणूस बैलगाड्या घेऊन आला, तर दाराला आंब्याचं तोरण. नानांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि पायरीवर नारळ वाढवला. हार गळ्यात तसाच ठेवून त्या माणसाने दुकानाला कुलूप लावलं.

नानांची नोकरी त्याच दिवशी गेली. राहिलेल्या चार शाखांत त्यांना कुणी घेतलं नाही. मग आयुष्यभर त्यांनी एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलला. बायको त्यांची आधीच गेलेली. पुतण्याच्या घरी ओसरीवर राहत. गावाने त्यांचं नाव 'वाढवानाना' ठेवलं, आणि मीही त्यांच्यामागे त्यांना तेच म्हणत असे. खोटं कशाला बोलू?

शाळेत फळा एक आणि फळ्या चौदा. फळ्यांवर आकडे होते, पण ते नव्या रंगाखाली गेलेले. कुठली फळी कुठल्या खाचेत जाते हे फक्त नानांना ठाऊक, म्हणून जिनातून सुटले की ते यायचे. तेरा फळ्या ते पटापट बसवत. चौदावी मात्र चार बोटं उघडी ठेवत. "वाकडी आहे ती, बसत नाही," म्हणत. मग तिच्यावर बोटाने दोनदा टकटक करत आणि निघून जात.

त्या चौदाव्या फळीला लागूनच मागच्या खोलीकडे जाणारा बोळ होता; फळी पुरती बसली की बोळात काळोख होई. खोलीत मैनाअक्का राहायची. ती भांडाराच्या शिंप्याची, सुपडूची, बायको. सुपडू त्याच खोलीत राहून भांडाराची शिलाई करायचा आणि तिथेच वारला. अक्का शाळा झाडायची, पोरांचं पाणी भरायची, त्याबदल्यात खोली तिच्याकडे राहिली होती. पोटी मूल नाही, माहेरी कुणी नाही. नाना तिच्याशी कधी बोलताना मी पाहिले नाहीत. ती कधी अंगणात असली तर ते दुसरीकडे पाहून फळ्या लावत.

दुसरी लढाई आली आणि धान्यावर नियंत्रण आलं. सरकारला गावोगाव कोठारं हवी होती. एक दिवस मला हुकूम मिळाला: महिनाअखेर इमारत मागच्या खोलीसकट रिकामी करावी, तिथे रेशनचं धान्य राहील. शाळेला देवळाची धर्मशाळा मिळाली होती. अक्काला कुणी काहीच दिलं नव्हतं.

मी तिला सांगायला गेलो. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने पहिलं विचारलं ते नानांचं.

"नानाले सांगं का?"

"अजून नाही. त्यांना काय, सरकारने 'रिकामी' लिहिलंय तर ते 'भरा' समजतील," मी म्हणालो. मला वाटलं, जरा हसेल.

ती हसली नाही. सूप खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, जो मानूस रोज सांजले दुकान वाढावस, त्याले त्या शबदना अर्थ माहीत नई व्हई का?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"मना मालकले खोकला व्हता. रगत पडे. खोली सोडानी म्हंजे रस्तावर मरानं. वैद सांगे, हवा पाहिजे. तवय नानानी ती खिडकी पाडी." तिने खिडकीकडे हात केला. "मालक गया, आठ दिनमा शेठजीन्या गाड्या उन्यात. बठ्ठं गाव हासनं. मी कोनले काय सांगू? बाईमानूस मी. नानाच बोलनात, अक्का, कोनले सांगू नको, हासू दे."

मला खूप लाज वाटली. नऊ वर्षं रोज मी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकत होतो, आणि रोज शिकवत होतो ते मराठीच.

त्या दिवशी सव्वापाचला मी नानांच्या हातात हुकूम दिला. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि एकेक ओळ बोटाने वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"यात 'वाढवा' कुठे नाही, मास्तर."

"नाही नाना."

"'रिकामी करावी' असंच आहे."

"हो."

त्यांनी कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "शेठजी बरे होते," म्हणाले. "असं लिहायचे की माणसाला चुकायला जागा राहायची."

मी तालुक्याला दोन अर्ज केले. उत्तर आलं नाही. अक्काची सोय शेवटी बोदवडला झाली, सुपडूच्या एका दूरच्या पुतण्याकडे. तो मनापासून बोलावत नव्हता, हे तिलाही कळत होतं.

शेवटच्या दिवशी पोरांनी बाकं धर्मशाळेत नेली. सव्वापाचला नाना आले, उजवा पाय पायरीवर ठेवला, पण 'दुकान वाढवा' म्हणाले नाहीत. तेरा फळ्या लावल्या. अक्का बोळातून बाहेर आली. हातात एक पत्र्याची पेटी आणि फडक्यात गुंडाळलेली सुपडूची कात्री. ती नानांसमोर थांबली. मला वाटलं, आता तरी दोघं बोलतील.

"येस मी, नाना," तिने निरोप घेतला.

"सांभाळून जा, अक्का," नाना फळीकडे पाहत म्हणाले.

अक्काचा टांगा वळेपर्यंत ते चौदावी फळी दोन्ही हातांनी धरून उभे होते. मग त्यांनी ती खाचेत घातली आणि तळव्याने जरा रेटली. फळी सरळ होती. ती आवाजसुद्धा न करता शेवटपर्यंत गेली.

सवयीने त्यांचं बोट टकटक करायला वर गेलं, आणि तसंच खाली आलं.

"बंद झालं, मास्तर," नाना म्हणाले.