फक्त माझ्यासाठी

माणसाच्या आयुष्यातले खरोखर अवघड प्रश्न परीक्षेत येत नाहीत. ते संगणकात सॉफ्टवेअर बसवताना येतात. चारकोपच्या आमच्या शाळेत बारा नवे संगणक आले. त्यांत पत्रं, तक्ते वगैरे करायचं ऑफिसचं सॉफ्टवेअर टाकायला श्वेता मॅडम बसल्या (संगणक शिक्षिका, कंत्राटी, म्हणून उत्साही), तेव्हा पडद्यावर चौकट आली: हे फक्त तुमच्यासाठी बसवू, की हा संगणक वापरणाऱ्या सर्वांसाठी?

आता सहाशे मुलांची शाळा म्हटल्यावर एखादा उथळ माणूस 'सर्वांसाठी' दाबून मोकळा झाला असता. आमची शाळा उथळ नाही. मुख्याध्यापक श्यामकांत सरांनी मॅडमना माउसवरून हात काढायला लावला आणि समिती नेमली. पालक प्रतिनिधी म्हणून मीही होतो, हे नम्रपणे नमूद करतो. तीन सभा झाल्या. 'सर्व' म्हणजे नक्की कोण याची यादी करायला घेतली, ती शिपाई, माजी विद्यार्थी आणि निवडणुकीच्या वेळी वर्गांत मुक्कामाला येणारे कर्मचारी इथपर्यंत लांबली. शेवटी कुंदाबाईंनी (मराठी, सेवा एकतीस वर्षं) मुद्द्यालाच हात घातला.

"सर्वांसाठी म्हटलंत की वाट लागली समजा. स्टाफरूमची कात्री आठवा. सर्वांसाठी ठेवली, दुसऱ्या दिवशी गायब."

कात्री सगळ्यांना आठवली. ठराव सात विरुद्ध शून्य असा मंजूर झाला (मॅडमना मत नव्हतं). बाराही संगणकांवर 'फक्त माझ्यासाठी' दाबण्यात आलं आणि 'मी' या पदाचा कार्यभार मुख्याध्यापकांकडे देण्यात आला. म्हणजे ज्याला अर्धं पान टाइप करायचं, त्याने श्यामकांत सरांच्या नावानेच आत शिरायचं. पासवर्ड मॅडम टाकून देणार. पडद्यावर 'स्वागत आहे, श्यामकांत' असं आलं की पोरं ताठ बसायची. शिस्तीत चौतीस टक्के सुधारणा झाली (अंदाजे, मोजायला तक्ता लागतो आणि तक्त्याला सर लागतात).

मग नववीचा संगणक प्रकल्प आला. गुण वीस, आणि पहिल्या नंबराला एका माजी विद्यार्थ्याकडून लॅपटॉप. वर्गात मुलं बेचाळीस. एकेचाळीस जणांनी प्रकल्प घरून पेन ड्राइव्हवर आणला. उरली रुचिरा. तिची आई मालनताई आमच्या सेक्टरमध्ये पोळ्या करते. घरात फोन एक, तोही आईबरोबर कामाला जातो. या पोरीने आपल्या गल्लीतल्या नळाला रोज किती वाजता पाणी येतं ते महिनाभर वहीत लिहिलं आणि मधल्या सुट्टीत डबा न खाता शाळेत बसून त्याचा तक्ता केला. "मॅडम, लॅपटॉप मिळाला ना, तर पुढचा महिना घरीच भरीन," असंही म्हणाली होती म्हणे.

तोंडी परीक्षेला मुलांसोबत आमची समितीही बसली. बाहेरून आलेले परीक्षक अत्यंत काटेकोर होते. प्रत्येक फाइल कोणी तयार केली ते संगणक स्वतःच नोंदवतो. ते नाव हजेरीपटावरच्या पूर्ण नावात सापडलं पाहिजे, असा त्यांचा नियम. माझ्या मुलाच्या फाइलमध्ये 'हर्षद' होतं. हजेरीपटावर 'निहार हर्षद सामंत'. सापडलं! सदतीस मुलांचे वडील असे सापडले. चार फाइलींवर 'निलेश झेरॉक्स' निघालं, पण सोबत दुकानाचा शिक्का असल्याने ते अधिकृत धरण्यात आलं.

रुचिराच्या फाइलमध्ये निघालं 'श्यामकांत'. तिच्या वडिलांचं नाव चंद्रप्रकाश.

"सर, ही पोरगी माझ्यासमोर बसून करत होती," श्वेता मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुमचं म्हणणं तोंडी. संगणकाचं लेखी," परीक्षक म्हणाले.

सगळ्यांनी श्यामकांत सरांकडे पाहिलं. 'मी नाही केला' म्हणावं, तर आपलं नाव सहाशे जणांना वापरू दिल्याची कबुली. सरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "मार्गदर्शन माझं आहे," ते म्हणाले.

"प्रकल्प उत्तम आहे हो! सगळ्यांत उत्तम," परीक्षक म्हणाले.

तेव्हा रुचिरा उठली. "मग सर, सांगा ना, नऊ तारखेला पाणी किती वाजता आलं?"

मला त्या पोरीचं वाईट वाटलं. खरंच सांगतो. पण समितीचा माणूस मध्येच कसा बोलणार?

"तोंडी परीक्षेत प्रश्न परीक्षकांनी विचारायचे असतात," परीक्षकांनी समज दिली.

"पावणेपाचला," रुचिरा म्हणाली. "मीच हंडा लावला होता." आणि रडतच बाहेर गेली.

तिला शून्य देण्यात आलं. लॅपटॉप निहारला मिळाला. आमच्या घरी आता तीन झाले. संध्याकाळी पेढे वाटताना शेजारच्या नानांनी निहारला विचारलं, "काय रे, कशावर होता तुझा प्रोजेक्ट?"

निहारने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. नाना म्हणाले, "झकास!"

शाळेत असताना मला वीसपैकी अकराच्या वर कधी पडले नव्हते. यंदा वीसपैकी वीस. तुम्हाला यंदा किती पडले?