निनावी फॉर्म परत मिळणेबाबत

योगिनीने फॉर्म घडी घालून पेटीत टाकला, जागेवर येऊन चहा तोंडाला लावला आणि कप तसाच खाली ठेवला. फॉर्मखाली तिने सही केली होती. तारखेसकट.

'कर्मचाऱ्यांनी आपली मते निनावी द्यावीत', असं वरून आलेल्या परिपत्रकात ठळक छापलं होतं. पण आठ वर्षं दिसेल त्या कागदाखाली सही ठोकणारा हात, तो काय थांबतो! आणि लिहिलं काय होतं? 'साहेब संध्याकाळी सहाला मीटिंग घेतात. माझ्या मुलीचं पाळणाघर साडेसहाला बंद होतं. साहेबांना बहुधा घर नसावं.' हे शेवटचं तर कुणी विचारलंही नव्हतं. आता साहेबांनी मनात धरून गुहागरला बदली केली, तर तीन वर्षांच्या सानवीला ठेवायचं कुठे?

तिने शिपाई रघूला गाठलं. "रघूदादा, पेटी जरा उघडा ना."

"लाख लावलीय मॅडम. किल्ली साहेबांकडे. अर्ज द्या की. अर्जाशिवाय इथे काय हलतंय?"

अर्जात तिने कारण 'अनवधानाने' एवढंच लिहिलं. गुपचूप रघूच्या हातात देणार, तोच आवक टेबलावरच्या मालनताईंनी तो ओढून घेतला. "थांब गो, शिक्का मारते. गहाळ झाला म्हणजे?"

दहा मिनिटांत अर्ज साहेबांपुढे.

"पेटी मंगळवारी उघडणार होतो," साहेब म्हणाले. "पण मॅडम, तुम्ही असं काय लिहिलंयत, ते आजच बघू."

सगळ्यांना बोलावून पेटी फोडली. आठ फॉर्म, आठ सह्या. मालनताईंच्या फॉर्मवर तर शिक्काही. तक्रार सगळ्यांची एकच, सहाची मीटिंग. साहेबांनी आठही मोठ्याने वाचले, 'घर नसावं' यासकट. योगिनी फरशीकडे बघत राहिली.

"अहो, मला वाटायचं तुम्हालाच मीटिंग हवी असते!" साहेब म्हणाले. "मालनताई दर वेळी नारळाच्या वड्या आणतात. मीटिंग नाही घेतली तर त्यांना काय वाटेल?"

"आणि मी मेली रात्री नारळ खवत बसते, साहेबांची मीटिंग म्हणून!"

साहेबांना हसू आवरेना. "संध्याकाळची मीटिंग आजपासून बंद!"

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात योगिनीच्या.

"यापुढे सकाळी नऊला. डोकंही ताजं असतं."

टाळ्या आणखी वाढल्या. योगिनीचे हात तेवढे हवेतच राहिले. पाळणाघर साडेनऊला उघडतं.