दामूने डांबरलेला टेम्पो

दांडीच्या काशीबाईला टेम्पो हवा होता तो बोईसरच्या बाजारातल्या जागेपायी. बाजाराच्या अगदी तोंडाशी तिची सासू बसायची, तिथेच आता ती बसे. पण बैलगाडी जरा रेंगाळली, की घिवलीची सुगंधा तिथे पाटी मांडून मोकळी. आणि मासळीबाजारात बसलेल्या बाईला उठवायची कुणाची छाती आहे?

गाडी पसंत करायला मात्र गेला तिचा नवरा पुंडलिक, आणि अक्कल पुरवायला होड्या बांधणारा दामू. पालघरच्या दुकानात दोन नवेकोरे तीनचाकी टेम्पो उभे होते. पत्र्याच्या हौद्याचा महाग, लाकडी फळ्यांचा परवडणारा. दामूने इंजिनाकडे ढुंकूनही पाहिले नाही. बादली मागवली, फळ्यांच्या हौद्यात पाणी ओतले आणि खाली वाकून बघत राहिला. पाणी धो धो गळाले. फटी मुद्दाम ठेवल्यात, असे दुकानदार सांगत होता. दामूला त्याची कीवच आली.

"गळकी होडी मुद्दाम कोन बांदतो?" तो पुंडलिकच्या कानाशी लागला. "सस्तातला घे. बाकी मी बगतो."

आणि बघितले की हो त्याने! फटीफटीत कापूस ठासला, वरून डांबर फासले, मागचा फाळकासुद्धा सोडला नाही. काशीबाई बाजारातून आली तेव्हा टेम्पो काळा कुळकुळीत होऊन अंगणात उभा.

"आवो, बर्फाचं पानी जानार कुटून?"

"जानारच नाय," पुंडलिक अभिमानाने म्हणाला.

झालेही तसेच. दुसऱ्या दिवशी पापलेटे, बोंबील आणि बर्फ भरून टेम्पो निघाला. काशीबाई मागे पाट्यांवर बसली. ऊन चढले, बर्फ वितळला, पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आले. ब्रेक दाबला की मागच्या खिडकीतून खारट लाट थेट पुंडलिकच्या मानेवर. बिचारा बांधकामावर ट्रक चालवून तयार झालेला गडी, पण असा समुद्र पाठीवर घेऊन कधी गेला नव्हता. टेम्पो बैलांहून हळू चालला. पोचतात तो सुगंधा जागेवर ऐसपैस बसलेली. काशीबाईच्या डोळ्यांत पाणीच आले. त्यात फाळका उघडेना. डांबर चांगलेच धरले होते.

पुंडलिक फाळक्याला लाथा घालू लागला. तशी मासळी पाण्यात डुचमळली आणि एक गिऱ्हाईक ओरडले, "जिवंत हाय रं!" टेम्पो बाजाराच्या वाटेतच आडवा उभा, म्हणजे येणारा प्रत्येकजण आधी तिथे थांबणार. मासळी जिवंत आहे, याला काशीबाईने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. पदर खोचून पाण्यातच उभी राहिली आणि वरूनच मासळी विकू लागली. सुगंधाकडे माशीखेरीज कुणी फिरकले नाही.

शेवटी सुगंधा पाटी उचलून आली. "बाय, तुजी जागा घे. पन ही गाडी हलव."

"र्‍हाऊ दे तुला," काशीबाई म्हणाली. "माज्या जागेला आता चाकं हायत."

पुंडलिकने लगेच मिशीवर हात फिरवला. दामू आणि आपण गाडी कशी पारखून घेतली, ते तो जमलेल्यांना सांगू लागला. काशीबाईने मात्र, उद्यापासून मागे पाण्यात त्याने उभे राहायचे, गाडी हाकायला आपण शिकणार, असे तिथेच जाहीर केले.