उष्टी हळद आणि पियुषचा नायटा

पिळून पिळून शेपटीपर्यंत आलेली एक ट्यूब.

मे महिना. आर्णीत सावलीलाही घाम फुटतो.

कंबरेला आवळलेली नवी जीन्स.

नवरदेवाच्या अंगाची उरलेली हळद वाटीत काढून नवरीकडे पाठवतात. तिला उष्टी हळद म्हणतात.

"पाहाच तुम्ही! लग्नात माह्यं अंग असं चमकीन का फोटोवाल्याले लाइट लावाचं काम नाही!" असं म्हणत पियुषनं दाराच्या चौकटीला कंबर घासून घेतली. म्हशीसारखी!

कंबरेवर नायटा होता. दोन वर्षांचा. पोरगं असतं तर एव्हाना अंगणवाडीत गेलं असतं! ट्यूब रामराव मामांनी दिलेली. एका ट्यूबमध्ये पाच औषधं, म्हणून मामांना तिचा फार अभिमान. लावली की खाज गायब. खाज गायब की ट्यूब बंद. मग नायटा परत यायचा, तोही सोयरेधायरे घेऊन!

पण होणारी बायको, दिग्रसची सुरभी, हुशार निघाली. तिनं फोन केला.

"साखरपुड्याच्या एकाही फोटोत तुमचे दोन्ही हात दिसून नाही राह्यले! एक कायम कंबरेत! काहून?"

"ते... स्टाइल हाय."

"डॉक्टरले दाखवा. हे बरं झाल्याशिवाय मी काही मांडवात उभी राहत नाही!"

पियुष ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे धावला. डॉक्टरांनी ट्यूब दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली.

"यानं नायटा मरत नाही, लपतो. गोळ्या पूर्ण संपवा. खाज थांबली तरी! आणि घरातल्यांनाही तपासून घ्या."

घरातल्यांनी ते ऐकलंच नाही. पियुषनं मात्र गोळ्या सुरू केल्या. कंबर साफ! फोटो काढून सुरभीला पाठवला, तिनं होकार दिला, पत्रिका वाटल्या गेल्या.

लग्न तोंडावर आलं तशी आई, कोकिळाबाई, पुढे सरसावली. "आता कायले खातं गोळ्या? दिसते काय काही? हळदीपेक्षा मोठं औषध हाय काय जगात?"

"अन् गोळ्या गरम पडतात," मामा म्हणाले. "नवरदेवाचं तोंड आलं म्हणजे?"

गोळ्या बंद.

हळदीला कोकिळाबाईंनी ठरवून कंबरच गाठली. "इथं रगडा! मुळापासून जाऊ द्या!" मामांनी आधी आपली मान खाजवली, मग त्याच हातानं भाच्याला हळद लावली. उरलेली हळद वाटीत निघाली, वाटी गाडीत बसली, गाडी वाजतगाजत दिग्रसला गेली. तिथे सुरभीला लावून उरलेली बायकांनी एकमेकींच्या गळ्याला फासली. काय हसल्या!

लग्न झकास झालं.

जून संपता संपता डॉक्टरांच्या दवाखान्यात एका बाकावर वरपक्ष, समोरच्या बाकावर वधूपक्ष. मधे फक्त अंतरपाट नव्हता! सगळ्यांचे हात चालू.

"एवढे सगळे एकदम?" डॉक्टर दचकले.

"ज्याइनं ज्याइनं हळद लावली ते सारे आलो," सुरभीची आई दंड खाजवत म्हणाली. "फोटोवाला येऊन राह्यला मागून."

सुरभी नवऱ्याकडे वळली. तिच्या गळ्यावर, मंगळसूत्राच्या बरोबर खाली, लालबुंद गोल होता.

"गोळ्या पूर्ण खाल्लत्या ना तुम्ही?"

दोन्ही बाकांवरचे हात थांबले. पियुषनं मामांकडे पाहिलं. मामांनी पंख्याकडे.

"अवं पोरी," मामा म्हणाले, "खाज तर बंद झालती!"

पियुषनं गोळ्या सोडल्या, त्या दिवशी गोळ्यांची एकच स्ट्रिप उरली होती.