संगणकाचा लेखी खुलासा

दीपाने मीटरची वायर संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये खुपसली आणि संगणक जागच्या जागी गार झाला. पडद्यावरचा बाण थिजला, कीबोर्डवरचे दिवे डोळे मिचकावू लागले. त्या आठवड्यातलं हे त्याचं सहावं मरण होतं, आणि नेमक्या याच मरणाला मुख्याध्यापक विठ्ठलराव सर लॅबच्या दारात उभे होते.

“झालं? मोडला शाळेचा एकुलता एक चांगला संगणक?”

“मोडला नाही सर, अडकला. बंद करून चालू केला का होते बरोबर.”

“काहून अडकला?”

“तेच तं तो सांगत नाही न सर. सांगायच्या आधीच मरते.”

विठ्ठलराव सरांच्या शाळेत तोंडी काही चालत नसे. खडू संपला तरी लेखी, पोट दुखलं तरी लेखी. एकदा सहावीच्या वर्गात माकड शिरलं, तेव्हा सरांनी वर्गशिक्षकांकडून आधी अर्ज मागवला. अर्जावर सही होईपर्यंत माकड दोन डबे खाऊन गेलं होतं.

“हे पाह्य दीपा,” सर म्हणाले, “शुक्रवारपर्यंत मले लेखी खुलासा पाहिजे. संगणक काहून बंद पडते, कोणाच्या चुकीनं पडते. नाही आला तं लॅबले कुलूप, अन् शनिवारच्या प्रदर्शनातून तुझं नाव कट.”

दीपा नववीत होती आणि तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन दारव्ह्याला होतं. पण तिला बक्षिसाची एवढी घाई नव्हती. घाई होती ती आजोबांसाठी, बाबाराव आबांसाठी. कापसाची ती वाईट वर्षं होती. खरेदी केंद्रावरचा, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर गाडीत हात खुपसायचा, डोळे मिटायचा आणि ‘ओला आहे’ म्हणायचा, की गाडी परत. आबांची गाडी तीनदा परत आली होती. बैलांनाही रस्ता इतका पाठ झाला होता की केंद्राच्या फाटकाशी ते आपणहून मागे वळायचे. म्हणून दीपाने कापसातला ओलावा मोजणारं मीटर बनवलं होतं. हाताचा अंदाज नाही, सरळ आकडा.

मीटरशी संगणकाने बोलावं म्हणून लागणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तोही तिनेच लिहिला होता. तो बसतो कर्नलमध्ये, संगणकाच्या पार पोटात. तिथे काही बिघडलं की अख्खा संगणक जातो आणि मागे चिठ्ठीसुद्धा ठेवत नाही.

तिने अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मामेभावाला, धम्मरत्नला, फोन लावला.

“मरणारा माणूस चिठ्ठी लिहीत बसते काय?” धम्मरत्न म्हणाला. “त्याले दर पावलाले ओरडाले लाव. अन् ऐकाले दुसरा संगणक बसव.”

“ओरडन कसा?”

“त्याची एक खास केबल येते. पहिल्या पोर्टात लावाची. पण तुह्या कर्नलले तिच्यातून बोलता येत नाही. ते तुले शिकवा लागन.”

केबल दुसऱ्याच दिवशी एसटीच्या कंडक्टरच्या हाती आली. शिकवायला मात्र तीन दिवस लागले. दीपाने यूएसबी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये दोनशे ओळी घातल्या. प्रत्येक पायरीवर एक वाक्य, आणि ते वाक्य केबलमधून बाहेर गेल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही. वाक्यं इंग्रजीत लिहायचा तिला कंटाळा आला. अक्षरं रोमन होती, बोली मात्र घरची.

ऐकायला दुसरा संगणक होता तो ऑफिसात, क्लार्क उत्तमसिंग यांच्या ताब्यात. लॅब आणि ऑफिसच्या मध्ये एक खिडकी होती. केबल पुरेना म्हणून शुक्रवारी दुपारी दीपाने लॅबचा संगणक खिडकीच्या कठड्यावर चढवला.

“पोरी, हे पडलं तं माह्यी पेन्शन जाईन,” उत्तमसिंग म्हणाले.

“पडत नाही काका. आता तुमच्या संगणकावर जे येईन ते सरळ प्रिंटरवर जाऊ द्या. सरले लेखी पाहिजे.”

उत्तमसिंगांच्या प्रिंटरला सलग कागदाची घडी लावलेली होती. खोकं नवंकोरं, शिष्यवृत्तीच्या याद्यांसाठी राखलेलं. “एक पान,” त्यांनी बजावलं. “दोन नाही.”

“एकच, काका.”

दीपाने पहिल्या पोर्टातला माऊस काढून तिथे केबल लावली, दुसऱ्यात मीटर खुपसलं. संगणक मेला. आणि इकडे ऑफिसात प्रिंटर करकर करत बोलू लागला.

‘मी आलो. मीटर पाहून राह्यलो. दार ठोकून राह्यलो.’

दीपाने टाळी वाजवली. आपण शिकवलं आणि कर्नल बोलला. तोही वऱ्हाडीत.

‘दार उघडत नाही. पोर्ट दोन, करंट जास्त. परत ठोकून राह्यलो. दार उघडत नाही. पोर्ट दोन, करंट जास्त. परत ठोकून राह्यलो.’

“बरं, झालं आता,” उत्तमसिंग म्हणाले. “एक पान भरलं.”

पण ड्रायव्हर दीपाचाच होता, तिच्यासारखाच हट्टी. दार उघडेपर्यंत ठोकत राहायचं, एवढंच तिने त्याला शिकवलं होतं. हार मानायचं शिकवायला ती विसरली होती. दुसरं पान गेलं, पाचवं गेलं, पंधरावं गेलं.

“अवं थांबव त्याले.”

“थांबत नाही काका. तो तं मेलेला हाय.”

“मेलेला हाय तं बोलते कसा?”

दीपाने धावत जाऊन लॅबच्या संगणकाची पिन उपटली. तरीही प्रिंटर करकरत होता, कारण ऐकलेलं सगळं ऑफिसच्या संगणकाने रांगेत लावून ठेवलं होतं. ते संपेपर्यंत कागद टेबलावरून उतरला, खुर्चीखालून गेला आणि व्हरांड्यात पोचला. तिथे तो विठ्ठलराव सरांच्या पायात आला.

सरांनी कागद उचलला आणि वाचत वाचत, तो गुंडाळत गुंडाळत आत आले.

“दार ठोकून राह्यलो. दार ठोकून राह्यलो. कोण ठोकून राह्यलं?”

“संगणक, सर.”

“कोणाचं दार?”

“मीटरचं. हा त्याचा लेखी खुलासा हाय, सर.”

‘लेखी’ म्हटल्यावर सरांचा आवाज खाली आला. मग खुर्चीवर बसून त्यांनी लाल पेन काढलं, एका ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, “पोर्ट दोन, करंट जास्त. म्हणजे दोष कोणाचा?”

“दोन नंबरच्या भोकात काहीतरी अडकलं हाय. तिथं करंट वाया जाऊन राह्यला.”

उत्तमसिंगांनी टॉर्च आणली. दीपाने केसांतली पिन काढून भोकात घातली आणि हलकेच उकरलं. टेबलावर आधी तांदळाचा एक दाणा पडला. मग दुसरा. मग लाल, वाळलेल्या कुंकवाचा एक खडा.

तिघांनी त्या मुद्देमालाकडे पाहिलं.

“हे इतक्या आत कोणं भरलं?” सर गरजले.

उत्तमसिंग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “दसऱ्याच्या पूजेत, सर. तुम्हीच म्हणले होते का सरकारी वस्तू हाय, एकही भोक उपाशी ठेवू नका. अन् कुंकू ओलं केलं तं चांगलं चिकटते म्हणून वाटीत पाणीबी तुम्हीच टाकलं.”

मग सरांनी बिघाड नोंदवही उघडली. ‘कोणाच्या चुकीने’ या रकान्याशी पेन थबकलं. शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सणामुळे.’

“जा, दारव्ह्याची तयारी कर,” ते म्हणाले.

“पण पोरी,” उत्तमसिंगांनी कागदाचं रिकामं खोकं हलवत विचारलं, “मीटर पहिल्याच भोकात लावून पाह्यलं असतं तं?”

हा प्रश्न दीपाला ऐकू आला नाही. ती भराभर वायर गुंडाळत होती.

शनिवारी दारव्ह्याला तिच्या टेबलापुढे सगळ्यात मोठी गर्दी होती. आदल्या संध्याकाळीच तिने ड्रायव्हरला अक्कल शिकवली होती: तीनदा ठोकायचं, नाही उघडलं तर गुमान परत यायचं. बाबाराव आबांनी धोतराच्या सोग्यातून मूठभर कापूस काढला, त्याच तीनदा परत आलेल्या गाडीतला. दीपाने मीटरचे काटे त्यात रोवले. शाळेतून आणलेला प्रिंटर करकरला.

‘मी आलो. दार उघडलं. ओलावा साडेसात टक्के. कापूस कोरडा हाय.’

परीक्षकांनी ते वाचलं, परत मोजायला लावलं, परत वाचलं. “हा संगणक असा काय बोलतो?”

“आमच्या शाळेत सगळं लेखी असते,” विठ्ठलराव सर छाती काढून म्हणाले.

पहिला नंबर जाहीर झाला तेव्हा आबा तिथे नव्हते. कागदाची घडी टोपीत ठेवून ते गाडी जुंपायला गेले होते. त्या दिवशी फाटकाशी बैल सवयीने मागे वळले, पण आबांनी कासरा ओढून त्यांना आत घातलं. ग्रेडरने कापसात हात खुपसायच्या आधी आबांनी त्याच्या हातात कागद दिला. “मी म्हणत नाही साहेब. हे लेखी हाय. तुम्हीबी ओला हाय म्हणून लेखी द्या.” ग्रेडरने कागदाकडे पाहिलं, मागे रांगेतल्या गाड्यांवरून उतरून आलेल्या माणसांकडे पाहिलं आणि गाडी वजनकाट्यावर घेतली.

पुढच्या दसऱ्याला दीपा दहावीत होती. सर पूजेचं ताट घेऊन लॅबमध्ये आले आणि यंदा त्यांनी आधी तिला बोलावलं. “कुठं लावू?” त्यांनी विचारलं. तिने पडद्याचा वरचा कोपरा दाखवला. सरांनी तिथे शहाण्यासारखं बोट टेकवलं, फूल वाहिलं. मग राहवलं नाही म्हणून लांबूनच चिमूटभर ओल्या कुंकवाच्या अक्षता उडवल्या.

संगणक बंद पडला नाही. खिडकीतली केबल अजून जागेवरच होती, आणि दीपाने यंदा ड्रायव्हरला एक वाक्य जास्तीचं शिकवलं होतं. ऑफिसातला प्रिंटर तेवढा एकदा करकरला. उत्तमसिंगांनी कागद फाडून खिडकीतून सरांच्या हातात दिला. त्यावर तीनच वाक्यं होती.

‘पोर्ट दोन. करंट जास्त. सर, पुरे.’