कशाचे पन्नास टक्के?

स्वप्नालीने सहावीच्या वर्गाबाहेर डबा उघडला. डब्यात कच्चे पापड हवे होते. गोल, एकसारखे, कात्रीने सरळ कापता येतील असे. आत होते ते भाजलेले, फुगलेले, फोड आलेले.

तिने घाईघाईने घरी फोन लावला. "आई, पापड तुम्ही भाजलेत?"

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "पोरांना कच्चे खायला घालणारेस? आपण सिंध्यांच्या वस्तीत, कॅम्प चारला राहायचो तेव्हा शेजारची सिंधीण पाव्हण्याला नुसतं पाणी कधी देत नव्हती, सोबत पापड असायचाच. आणि तो भाजलेला! म्हटलं शाळेत नाव खराब नको व्हायला."

"अहो आई, खायला नव्हते ते! अपूर्णांकांना होते!"

"कोणाला?"

समजावून सांगायला वेळ नव्हता. वर्गशिक्षक भोईर सर दारातून "या मॅडम, या" म्हणत होते. अंबरनाथच्या त्या शाळेत दर शनिवारी एक तास कुणीतरी पालक येऊन शिकवायचे. गेल्या शनिवारी किर्तीच्या पप्पांनी पडद्यावर पिझ्झा गरगर फिरवून दाखवला होता. या शनिवारी पाळी स्वप्नालीची होती, म्हणून तिच्या लेकीने, अक्षदाने, तेव्हापासूनच आईच्या मागे धोशा लावला होता, "मम्मी, तू आजारी पड ना, प्लीज." आई काही आजारी पडेना, तेव्हा तिने अटी घातल्या. पिल्लू म्हणायचं नाही. सगळ्यांसमोर केस नीट करायचे नाहीत. आणि चुकायचं तर अजिबात नाही, कारण नंतर वर्षभर त्या वर्गात बसायचं तिला होतं.

आत्ता ती तिसऱ्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होती, फळ्यापाशी उभी असलेली बाई आपल्या ओळखीचीच नाही अशी.

"तर मुलांनो, हा एक पूर्ण पापड," स्वप्नाली म्हणाली. "याचे आपण दोन समान भाग करू."

कट्कन आवाज झाला. भाग तीन झाले. शिवाय एक कपचा उडून पहिल्या बाकावर पडला आणि तिथल्या प्रज्वलने तो तोंडात टाकला.

"मॅडम, मी किती खाल्ला?"

"तू... समजा, एक दशांश."

"म्हणजे पॉइंट वन? पण एवढुसा तर होता."

"समजा म्हटलं ना मी!"

दुसरा पापड तिने श्वास रोखून मोडला. देवाच्या कृपेने चार तुकडे झाले. तिने ते पहिल्या बाकांवर वाटले. "आता प्रत्येकाकडे पाव पापड. म्हणजे पंचवीस टक्के."

"माझा छोटाय," किर्ती म्हणाली. "माझे वीसच असतील."

"ज्याचा मोठा आहे त्याने जरा मोडून हिला द्या."

मोडता मोडता बाकावर चुरा झाला. मग चुरा कुणाच्या टक्क्यांत धरायचा यावर वाद सुरू झाला. तेवढ्यात प्रज्वल अर्धा तुकडा चावत म्हणाला, "मॅडम, मी पन्नास टक्के खाल्ला."

"येडा झाला काय?" किर्ती ओरडली. "तुझ्याकडे पंचवीसच होते. पन्नास कुठून खाणार?"

"अर्धा खाल्ला की नाय? अर्धा म्हणजे पन्नासच ना? मॅडम, सांगा हिला!"

स्वप्नालीला दोघांचंही पटत होतं. बी.कॉम.ला तिला फर्स्ट क्लास होता, पण तिथे कुणी खाता खाता प्रश्न विचारले नव्हते. तिने फळ्यावर पन्नास लिहिले, पुसले. पंचवीस लिहिले, पुसले. मग खडू आपोआप चालल्यासारखा चालला आणि साडेबारा उमटले. त्या आकड्याकडे ती संशयाने बघत राहिली.

"हे साडेबारा कुठून आले?" ती चक्क मोठ्याने म्हणाली. "थांबा रे, मलाच कळेना झालंय. पन्नास टक्के, पण कशाचे?"

वर्गात एकच गलका उठला.

"तुकड्याचे!"

"पापडाचे!"

"तुकड्याचे, मॅडम!"

बाकं बडवली जाऊ लागली. मागे बसलेले भोईर सर अर्धवट उठले. इतक्यात खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीला राहवलं नाही. अक्षदा ताडकन उभी राहिली.

"अरे, दोघंपण बरोबर आहात! त्याच्या तुकड्याचे पन्नास, आणि आख्ख्या पापडाचे साडेबारा. कशाचे ते आधी विचारायचं ना! आणि मम्मी, साडेबारा पुसू नको!"

ओळख नसल्याचं सोंग आता संपलं होतं. घंटा वाजली.

व्हरांड्यात अक्षदाने तिला गाठलं. मागे किर्ती आणि प्रज्वल कान टवकारून उभे.

"मम्मी, खरं सांग. तुला येत नव्हतं, की मुद्दाम केलंस?" मग हळूच, "मी सगळ्यांना मुद्दामच म्हणून सांगितलंय."

स्वप्नालीने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मुद्दामच गं. असं केलं की मुलं स्वतः विचार करतात."

"बघ!" अक्षदा किर्तीकडे वळली. "सरपण तेच म्हणाले. इतका खरा वाटणारा गोंधळ घालायला डोकं लागतं म्हणे. मम्मी, पुढच्या शनिवारी तुला आठवीवर बोलावलंय. बीजगणित. मी हो सांगून टाकलं."

 एक बरं होतं, बीजगणितात स्वप्नालीला मुद्दाम काहीच करावं लागणार नव्हतं.